अण्णांची एकशे चार वर्षं

जपानी लोक शंभर वर्षं कसे जगतात, यावरचा एखादा तरी मेसेज तुमच्या फॅमिली ग्रुपवर दर आठवड्याला येत असेल. पोट ऐंशी टक्के भरलं की ताटावरून उठायचं, ग्रीन टी प्यायचा, रोज चालायचं, आपली ‘इकिगाई’ शोधायची. आकडे काही खोटे नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये जपान सरकारनं जाहीर केलं, तेव्हा तिथं शंभरी गाठलेली किंवा ओलांडलेली ९९,७६३ माणसं होती. त्यातल्या दर शंभरात सुमारे अठ्ठ्याऐंशी बायका. १९६३ साली ही मोजणी सुरू झाली, तेव्हा सगळ्या जपानात मिळून अशी माणसं फक्त १५३ होती.

त्याच्या आदल्याच वर्षी, ९ नोव्हेंबर १९६२ ला, पुण्यात एक मराठी गृहस्थ वयाच्या एकशे चाराव्या वर्षी गेले. महर्षी धोंडो केशव कर्वे, म्हणजे अण्णा. स्त्रीशिक्षण, विधवाविवाह, भारतरत्न, कर्वे रोड एवढं आपल्या सगळ्यांना शाळेपासून पाठ असतं. त्यांनी जपानकडून एक मोठी गोष्ट घेतली होती, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. ती गोष्ट आहार किंवा व्यायामाची नव्हती. पण दीर्घ आणि धडधाकट म्हातारपणाचा विषय निघाला, की मला ग्रीन टीपेक्षा अण्णांचं आयुष्य जास्त उपयोगी वाटतं.

हे मी बर दुबईत बसून लिहितेय. माझी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची पदवी पुण्याच्या कर्वेनगरमधल्या कमिन्स कॉलेजची. मुलींचं हे कॉलेज १९९१ मध्ये अण्णांच्याच संस्थेनं सुरू केलं. संस्थेच्या आवारात त्यांची मूळ झोपडी जपून ठेवलेली आहे. विशीत तिच्याकडे बघताना अण्णांनी बायकांसाठी काय केलं ते आठवायचं. आता घरात आई-बाबांच्या उतारवयाचा विषय निघतो, तेव्हा त्याच आयुष्यातलं दुसरं काहीतरी दिसायला लागतं. ते सांगायचं तर सुरुवात कोकणातून करावी लागेल.

धोंडोपंतांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या शेरवली या आजोळच्या गावी. वाढले ते दापोली तालुक्यातल्या मुरूडला. घरची परिस्थिती ओढगस्तीची. मुलगा अंगानं किरकोळ आणि स्वभावानं इतका लाजाळू, की चार लोकांत तोंड उघडायची पंचाईत. १८७५ मध्ये त्यांना मराठी सहावीच्या सरकारी परीक्षेला बसायचं होतं आणि त्यासाठी साताऱ्याला जायचं होतं. मुरूडहून सातारा शंभर मैलांहून जास्त. पावसाळ्याचे दिवस, खिशात पैसे नाहीत. हा मुलगा सोबत्यांबरोबर सह्याद्री चढून चालत साताऱ्याला पोचला. तिथल्या साहेबांनी त्याच्याकडे बघितलं आणि हा सतरा वर्षांचा वाटत नाही म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. तो परत फिरला आणि पुढं कोल्हापूरहून तीच परीक्षा पास झाला.

चालणं तेव्हापासूनच त्यांच्या आयुष्यात होतं. पण ते तब्येतीसाठी नव्हतं. कुठंतरी पोचायचं असायचं आणि पोचायला दुसरं साधन नसायचं, म्हणून ते चालायचे.

मॅट्रिक व्हायला त्यांना १८८१ साल उजाडलं. तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. मुंबईच्या रॉबर्ट मनी शाळेतून मॅट्रिक आणि १८८४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बीए. मग मुंबईतल्या शाळांमध्ये गणित शिकवायचं, शिवाय पहाटेपासून शिकवण्या. याच काळात त्यांनी स्वतःला एक नियम घालून घेतला होता. मिळवलेल्या प्रत्येक रुपयामागं एक पैसा सार्वजनिक कामासाठी बाजूला काढायचा. पुढं गावातल्या शिक्षणासाठी त्यांनी ‘मुरूड फंड’ उभा केला. गावाबाहेर नोकरीला गेलेल्या मुरूडकरांनी आपल्या कमाईतला थोडा भाग गावाला द्यावा, अशी ती कल्पना. आज आपण इथून गावच्या शाळेला किंवा देवळाला पैसे पाठवतो, त्यामागं काही वेगळी भावना नसते.

जपानच्या ओकिनावा बेटांवर ‘मोआई’ नावाची पद्धत आहे. शेजारीपाजारी किंवा मित्रमंडळी ठरावीक दिवशी जमतात, थोडे थोडे पैसे एकत्र करतात आणि ते आळीपाळीनं किंवा अडलेल्याला वापरायला देतात. तिथल्या म्हाताऱ्यांच्या निरोगी आयुष्याबद्दल बोलताना अभ्यासक या मोआईचा उल्लेख हमखास करतात. आपण हिलाच भिशी म्हणतो. बर दुबईतल्या कितीतरी बिल्डिंगांत बायकांची भिशी चालते आणि आपण तिला टाइमपास समजतो. पैशापेक्षा महत्त्वाचं हे, की दर महिन्याला आठ-दहा माणसं एकमेकांची वाट बघतात. एखादी आली नाही, तर तिला फोन जातो.

आता अण्णांच्या आयुष्यातलं अवघड वळण. १८९१ मध्ये त्यांची पहिली पत्नी राधाबाई वारल्या. त्यांचं लग्न झालं तेव्हा राधाबाई आठ वर्षांच्या आणि अण्णा जेमतेम पंधरा वर्षांचे होते. मुलगा रघुनाथ तेव्हा लहान होता. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून अण्णा पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक म्हणून आले. पुन्हा लग्न करायचं तर विधवेशीच, हे त्यांनी ठरवलं होतं. ११ मार्च १८९३ ला त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांच्या बहीण आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या विद्यार्थिनी. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या. पुढं सगळे त्यांना बाया म्हणायला लागले.

लग्नानंतर नवराबायको मुरूडला गेले, तेव्हा गावानं सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार टाकला. जो कोणी त्यांच्याशी व्यवहार ठेवेल, तोही वाळीत. म्हणजे आई-भावंडांनी त्यांना घरात घेतलं, तर घरच्यांचंही गावात जगणं मुश्कील. ज्या गावासाठी रुपयामागं पैसा काढला, त्याच गावानं दार लावलं.

जपानच्या सुंदर शेजारधर्माबद्दल वाचताना मला हे मध्येच आठवतं. आपल्याकडेही शेजार होता, वाडा होता, गाव एकत्र होतं. पण ते सगळ्यांसाठी नव्हतं. नियम मोडणाऱ्याला आणि विधवेला त्यात जागा नव्हती. ‘पूर्वी कसं सगळे एकमेकांना धरून असायचे’ असं म्हणताना कोणाला वगळून धरून असायचे, हेही बघायला हवं. अण्णांचं मोठेपण असं, की बहिष्कारानंतर ते कडवट होऊन घरात बसले नाहीत. ज्यांना कुठंच जागा नव्हती त्यांचाच त्यांनी नवा शेजार उभा केला.

१८९६ मध्ये, म्हणजे अडतीसाव्या वर्षी, त्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. पुढं पुण्यात प्लेग आला आणि १९०० मध्ये आश्रम गावाबाहेर हिंगण्याला हलवला. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी तिथं सहा एकर जागा दिली होती. आज कर्वेनगरात एक फ्लॅट घ्यायचा तर दुबईचा पगारही अपुरा पडतो, पण तेव्हा ते चार मैलांवरचं माळरान होतं. धड रस्ता नाही, पावसाळ्यात नुसता चिखल. तिथं एक झोपडी बांधली आणि मूठभर विधवा मुली राहायला गेल्या.

अण्णांची नोकरी पुण्यात. दिवसभर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचं, संध्याकाळी चालत हिंगण्याला जायचं, रात्री तिथल्या मुलींना शिकवायचं, तिथंच झोपायचं आणि सकाळी पुन्हा चालत पुण्याला यायचं. सुमारे दोन वर्षं हा क्रम चालला. जाताना आश्रमाला लागणारं सामान हातात किंवा खांद्यावर. आता आपण मोबाइलवर दहा हजार पावलं मोजतो. अण्णांची पावलं मोजली असती तर आपले सगळे ग्रुप मागं पडले असते. पण ती पावलं कमी झाली असती, तर हिंगण्याच्या मुलींचा त्या रात्रीचा धडा बुडाला असता. त्यांचं जाणं तिथं कोणाला तरी हवं होतं.

ही गोष्ट एकट्या अण्णांची म्हणून सांगणं मात्र बरोबर होणार नाही. त्यांनी आपली पाच हजारांची विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाला देऊन टाकली. म्हणजे उद्या काही झालं असतं, तर बायका-मुलांच्या हातात काय होतं? बायांनी याबद्दल आपल्या आत्मकथनात स्पष्टपणे लिहिलं आहे. ‘माझे पुराण’ हे त्यांचं पुस्तक ज्यांनी वाचलं नसेल, त्यांनी पुढच्या पुणे ट्रिपमध्ये जरूर मिळवावं. घरखर्च भागवण्यासाठी त्या सुईणीचं काम शिकल्या. मुलं वाढवली, आश्रमासाठी वर्गणी गोळा केली. त्यांच्या विधवा बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमातच शिकल्या आणि तिथल्याच कार्यकर्त्या झाल्या. पुढं त्या अमेरिकेला गेल्या, तिथं लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या आणि आश्रमासाठी पैसे उभे केले. इंग्रजी धड येत नसताना परदेशात एकटीनं राहणं काय असतं, हे इथल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

१९१४ मध्ये अण्णा फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. वय छप्पन्न. आपल्या भाषेत आता आराम करायचा, नातवंडं खेळवायची, देवदर्शनं करायची. नेमका इथं जपान येतो.

१९१५ मध्ये अण्णांच्या हातात टपालानं एक पुस्तिका आली. टोकियोच्या महिला विद्यापीठाची ती माहिती होती. जिन्झो नारुसे नावाच्या एका शिक्षकानं १९०१ मध्ये ते सुरू केलं होतं. गृहविज्ञान, जपानी साहित्य आणि इंग्रजी साहित्य असे तिथले पहिले विभाग. मुख्य म्हणजे मुली आपल्या भाषेत, जपानीत, उच्च शिक्षण घेत होत्या. अण्णांच्या मनात घोळत असलेल्या गोष्टी त्यात छापून आल्यासारख्या होत्या. त्याच वर्षाअखेर मुंबईत भरणाऱ्या सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं आणि त्यांनी भाषणात हाच विषय घेतला. आपल्याकडेही बायकांचं स्वतंत्र विद्यापीठ हवं, मातृभाषेतून शिकवणारं.

१९१६ मध्ये ते सुरूही झालं. विद्यार्थिनी किती? पाच. सरकारी मान्यता नाही, हातात पैसा नाही, संस्थापक अठ्ठावन्न वर्षांचा पेन्शनर. बायकांना संसारोपयोगी शिक्षण वेगळं का द्यायचं, पुरुषांसारखंच का नाही, असा वाद तेव्हाही झाला आणि तो वाद योग्यच होता. पण पाच मुलींचं विद्यापीठ टिकलं. सर विठ्ठलदास ठाकरसी जगप्रवासात टोकियोचं तेच महिला विद्यापीठ पाहून आले होते. त्यांनी १९२० मध्ये पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचं नाव मिळालं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. आपण सगळे त्याला एसएनडीटी म्हणतो. कायद्यानं पूर्ण मान्यता मिळायला १९५१ उजाडावं लागलं. पस्तीस वर्षं वाट बघायची तयारी ठेवून अठ्ठावन्नाव्या वर्षी काम सुरू करणारा माणूस आपल्या वयाचा हिशेब कसा करत असेल?

जपानमध्ये साठावं वर्ष ‘कानरेकी’ म्हणून साजरं करतात. साठ वर्षांचं कालचक्र पूर्ण झालं, माणूस पुन्हा जन्माला आला असं मानून त्याला बाळासारखं लाल अंगरखं घालतात. आपल्याकडेही साठ संवत्सरांचं चक्र पुरं झालं म्हणून साठीशांत करतातच. फरक तिच्या दुसऱ्या दिवशी दिसतो. आपल्याकडे पुष्कळदा शांतीनंतर माणसाच्या हातातलं काम काढून घेतलं जातं, तेही प्रेमानं. आता तुम्ही काही करायचं नाही, नुसतं बसायचं. जपाननं १९७० च्या दशकात टोकियोपासून वृद्धांसाठी कामाची केंद्रं सुरू केली आणि पुढं ती देशभर पसरली. निवृत्त माणसं तिथं नाव नोंदवतात आणि बागकाम, साफसफाई, किरकोळ दुरुस्ती असली झेपतील ती कामं आठवड्यातले काही तास करतात. पैसे थोडेच मिळतात, पण सकाळी तयार होऊन कुठंतरी जायचं असतं.

अण्णांना असलं केंद्र लागलं नाही. १९२९ मध्ये सत्तरी पार करता करता ते जगाच्या प्रवासाला निघाले. बोटीचा प्रवास, अनोळखी हवा, अनोळखी जेवण. लंडन, जिनिव्हा, डेन्मार्कमधलं एल्सिनोर अशा ठिकाणच्या सभा-परिषदांमध्ये या एकेकाळच्या लाजाळू माणसानं भारतातल्या स्त्रीशिक्षणाबद्दल सांगितलं. बर्लिनला आइन्स्टाइनची भेट झाली. मग अमेरिका आणि तिथून जपान. ज्या विद्यापीठाची पुस्तिका पंधरा वर्षांपूर्वी वाचली होती, ते त्यांनी टोकियोत डोळ्यांनी पाहिलं. नारुसे मात्र भेटले नाहीत. ते १९१९ मध्येच वारले होते. गंमत म्हणजे नारुसेंचा जन्मही १८५८ चाच. एकाच वर्षी जन्मलेले दोन शिक्षक, एक जपानचा आणि एक कोकणातला. एकमेकांना कधीही न बघता एकाचं काम दुसऱ्यानं आपल्या भाषेत पुढं नेलं.

१९३० च्या एप्रिलमध्ये अण्णा परत आले आणि त्याच वर्षाअखेर पुन्हा बोटीत बसले, आता आफ्रिकेला. केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबार, दक्षिण आफ्रिका असे सुमारे सव्वा वर्ष फिरले. त्यांचा मुलगा शंकर तिकडेच डॉक्टर होता. पण अण्णा मुलाकडे राहायला म्हणून गेले नव्हते. तिथल्या भारतीय व्यापाऱ्यांकडे आणि नोकरदारांकडे ते विद्यापीठासाठी मदत मागत फिरले. आपल्यासारखीच परदेशी राहिलेली ती माणसं. मुलाकडे परदेशी जाणाऱ्या बापाचं हे चित्र मला फार आवडतं. तो मुलाच्या घरात पाहुणा होता आणि गावात कामाचा माणूस होता.

१९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्रामप्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. ज्या खेड्यांत शाळाच नव्हती तिथं शाळा सुरू करायच्या. त्यासाठी ते पुण्यात दारोदार जाऊन अगदी लहान रकमा गोळा करत. चाळीसएक गावांत शाळा उभ्या राहिल्या. विद्यापीठ काढलेला माणूस पुन्हा पहिलीच्या वर्गाकडे वळला आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटला नाही. १ जानेवारी १९४४ ला, पंचाऐंशी वर्षांचे असताना, त्यांनी समता संघ सुरू केला. जातिभेद जावा, माणसांमाणसांत समता यावी, हा त्याचा उद्देश. त्यासाठी मासिकही चालवलं.

इतकं जगणं म्हणजे नुसता आनंद नव्हता. १९५० च्या नोव्हेंबरमध्ये बाया गेल्या. सत्तावन्न वर्षांची सोबत संपली. १९५३ मध्ये थोरला मुलगा रघुनाथ गेला. संततिनियमनासाठी आयुष्यभर झगडलेले ते र. धों. कर्वे. पंचाण्णवाव्या वर्षी बापानं मुलाचं जाणं बघितलं. दीर्घायुष्याच्या मेसेजमध्ये हे कोणी लिहीत नाही. जितकं जास्त जगाल, तितक्या जास्त माणसांना निरोप द्यावा लागतो. म्हणूनच आपल्या पिढीबाहेरची, आपल्यापेक्षा लहान माणसं भोवती असावी लागतात. अण्णांच्या भोवती ती होती, कारण त्यांच्या संस्थांमध्ये दरवर्षी नव्या मुली येत होत्या. हिंगण्याचा माळ माणसांनी भरला होता.

१९५५ मध्ये पद्मविभूषण, १९५८ मध्ये भारतरत्न. शंभराव्या वाढदिवसाला, १८ एप्रिल १९५८ ला, मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर मोठा सत्कार झाला. पंतप्रधान नेहरू हजर होते. त्याच दिवशी अण्णांचं टपाल तिकीट निघालं. हयात भारतीय माणसाचं तिकीट निघण्याची ती पहिली वेळ. त्यानंतरही ते साडेचार वर्षं जगले.

या सगळ्यावरून, काम करा म्हणजे शंभर वर्षं जगाल, असं काही सिद्ध होत नाही. नारुसेंनीही आयुष्यभर काम केलं आणि ते साठीतच गेले. गोखले तर एकोणपन्नास वर्षंही पुरी जगले नाहीत. किती जगायचं ते आपल्या हातात नसतं. जगलो तर त्या वर्षांमध्ये काय असेल, एवढं थोडंफार हातात असतं. जपानचीच दुसरी बाजू बघा. तिथल्या पोलिसांच्या आकडेवारीप्रमाणे २०२४ या एका वर्षात सुमारे ७६ हजार माणसं घरात एकटी असताना मेली आणि त्यातली तीन चतुर्थांशांहून जास्त ६५ च्या पुढची होती. आहार तोच, औषधपाणी तेच, देशही तोच. दाराची बेल वाजवणारं कोणी नव्हतं.

आता आपल्याबद्दल. बर दुबईत संध्याकाळी मीना बाजारात चक्कर मारली किंवा खाडीवर अब्राच्या धक्क्यापाशी उभं राहिलं, तर एक गोष्ट लक्षात येते. आपल्या लोकांमध्ये म्हातारी माणसं फार कमी. इथं बहुतेकांचा व्हिसा नोकरीला बांधलेला, त्यामुळे नोकरी संपली की परत जायचं. आई-वडील येतात ते हिवाळ्यात, दोन-तीन महिन्यांसाठी. पहिले पंधरा दिवस बुर्ज खलिफा, डेझर्ट सफारी, ग्लोबल व्हिलेज. मग आपण ऑफिसला, नातवंडं शाळेत आणि ते दोघं चौदाव्या मजल्यावर टीव्हीसमोर. उन्हाळ्यात आले तर दिवसा खाली उतरायचीही सोय नाही. आपण त्यांना सगळं देतो, काम मात्र देत नाही. भांडं घासायला उठल्या तरी आईला आपण खाली बसवतो.

माझे बाबा गणिताचे निवृत्त शिक्षक. गेल्या हिवाळ्यात आमच्या बिल्डिंगमधल्या तीन मुलांना ते संध्याकाळी पाढे आणि अपूर्णांक शिकवायला लागले. ही कल्पना माझी नव्हती. लिफ्टमध्ये एका मल्याळी मुलानं त्यांना गृहपाठातलं काहीतरी विचारलं आणि तिथून सुरू झालं. तीनाची सात मुलं झाली. बाबांना हिंदी जेमतेम, मुलांना मराठी नाही, पण पावकी-निमकी दोघांनाही कळत होती. सकाळी पार्कात जायचा कंटाळा करणारे बाबा साडेपाच वाजता इस्त्रीचा शर्ट घालून तयार असायचे. त्यांचं ब्लड प्रेशर किती उतरलं, ते मला माहीत नाही. फोनवर आता ते औषधांबद्दल कमी आणि त्या मुलांच्या मार्कांबद्दल जास्त विचारतात, एवढं खरं.

या नोव्हेंबरमध्ये तुमच्याकडे आई-बाबा येणार असतील, तर तिकीट आणि इन्शुरन्सबरोबर त्यांच्यासाठी एखादं काम बघून ठेवा. कामाला ठरलेली वेळ असू दे आणि ते आले नाहीत तर कोणाचं तरी अडू दे. शनिवारी मुलांना मराठी वाचायला शिकवणं, मंडळाच्या कार्यक्रमाचा हिशेब ठेवणं, भिशीतल्या बायकांना चकलीची भाजणी शिकवणं, काहीही चालेल. आणि जे तिकडेच आहेत, त्यांना रोज जेवलात का एवढंच न विचारता आज कोणाकडे गेला होतात, कोण आलं होतं, हेही विचारत जा. उत्तर सलग आठवडाभर ‘कोणी नाही’ असं आलं, तर डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटइतकंच ते मनावर घ्या आणि शेजारच्यांना एक फोन करा.